नागपुरी संत्रे : नाव बाजाराचे, फळ शिवाराचे

नागपूरच्या रेल्वे स्टेशनातून पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडलात, तर तुम्ही ज्या भागात येता त्याला 'संत्रा मार्केट' म्हणतात. रिक्षावाल्याला एवढे दोन शब्द सांगितले की पुरे. एके काळी येथे संत्र्यांच्या राशी लागत. आज संत्र्यांचा मोठा घाऊक व्यापार शहराच्या दुसऱ्या भागात, कळमन्याच्या बाजारात चालतो. व्यापार हलला, पण जुन्या जागेचे नाव मात्र हलले नाही.

नाव असे एकदा चिकटले की सहसा सुटत नाही. नागपूर शहर आणि 'नागपुरी संत्रे' यांची गोष्ट अशीच आहे.

आधी एक साधा प्रश्न. नागपुरी संत्रे कोठे पिकते? तुम्ही लगेच म्हणाल, "नागपूरला!" नागपूर शहरात कोणाच्या अंगणात एखादे झाड असेल, पण तुम्ही खाता ती संत्री शहरात पिकत नाहीत. ती येतात नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या तालुक्यांतून आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी या भागांतून. वरूडकडे तर संत्र्यांच्या इतक्या बागा आहेत की त्या भागाला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' असे नाव पडले आहे. म्हणजे कष्ट नरखेड-वरूडचे आणि नाव नागपूरचे!

असे का झाले? कारण सरळ आहे. शेतकरी आपला माल नागपूरच्या बाजारात आणत असे. तेथून तो रेल्वेने मुंबईला, कलकत्त्याला, दिल्लीला जाई. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि नाजूक फळ दूरच्या शहरांत लवकर पाठवता येऊ लागले. मुंबईच्या ग्राहकाला काटोल कोठे आहे हे माहीत नव्हते. माल नागपूरहून येतो, एवढेच त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने फळाला नाव दिले, 'नागपुरी'. ज्या गावात वस्तू तयार होते त्याचे नाव मागे राहते आणि ज्या बाजारातून ती विकली जाते त्याचे नाव जगभर जाते.

तुमच्या भाषेतही अशी नावे आहेत. खडीसाखरेला उर्दूत 'मिसरी' म्हणतात. मिस्र म्हणजे इजिप्त. साखरेला 'चिनी' म्हणतात, त्यात चीन देश दडलेला आहे. मोसंबीचे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून आले असे मानतात. आज तुमच्या घरातली साखर चीनमधून येत नाही आणि मोसंबीही मोझांबिकहून येत नाही; पण नावे आपल्या जागी आहेत.

'संत्रे' हा शब्दही मजेदार आहे. तो तुमच्या ओळखीच्या 'संगतरा' या शब्दाचा भाऊ आहे. बादशहा बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांची माहिती लिहिली आहे, तीत संगतऱ्याचा उल्लेख येतो. मराठीच्या पुस्तकात 'संत्रे' लिहितात आणि त्याचे अनेकवचन 'संत्री' होते. नागपूरकर मात्र सर्रास 'संत्रा' म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत. फक्त परीक्षेत एकाच उताऱ्यात दोन्ही लिहू नका. 'नारंगी' या शब्दाचा प्रवास तर त्याहून लांबचा आहे. संस्कृतातील 'नारंग' फारसीत गेला, फारसीतून अरबीत 'नारंज' झाला, अरबांबरोबर स्पेनला पोचला आणि पुढे इंग्रजीत 'ऑरेंज' झाला. फळ आणि शब्द एकाच वाटेने गेले.

आता थोडे दूर जाऊ. युरोपात ब्रिटन नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम भागाला वेल्स म्हणतात. वेल्सच्या दक्षिणेला कार्डिफ शहरापासून जवळच केरफिली नावाचे एक छोटे बाजाराचे गाव आहे. गावात एक प्रचंड किल्ला आहे. त्याचे बांधकाम १२६८ साली सुरू झाले. किल्ल्याभोवती पाणी आहे आणि त्याचा एक बुरूज कललेला आहे. पण जगात केरफिलीचे नाव झाले ते किल्ल्यामुळे नव्हे, चीजमुळे!

चीज म्हणजे दुधापासून केलेला, आपल्या पनीरासारखा पण मुरवलेला पदार्थ. फारसीत तर चीजलाच 'पनीर' म्हणतात. केरफिली चीज पांढरे, किंचित आंबट, किंचित खारट आणि हाताने सहज चुरणारे असते. ते केरफिलीच्या आसपासच्या शेतांवर, गाईच्या दुधापासून घरोघरी तयार होई आणि केरफिलीच्या बाजारात विकले जाई. बघा, येथेही तेच! दूध आणि कष्ट खेड्यांचे, नाव बाजाराच्या गावाचे.

त्या भागात कोळशाच्या खाणी होत्या. खाणीत काम करताना घाम फार येतो आणि घामाबरोबर अंगातले मीठ निघून जाते. हे चीज बनवताना मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. त्यामुळे खाणकामगार डब्यात भाकरीऐवजी पाव आणि त्याबरोबर हे खारट चीज नेत. ते पोटभरीचे होते आणि खाणीच्या अंधारात, काळ्या हातांनी खायलाही सोयीचे होते.

या चीजचा आणखी एक गुण होता. तो पुढे त्याच्या मूळ गावाला महागात पडला. दुसरी अनेक चीजे मुरायला काही महिने लागतात. केरफिली मात्र दोन आठवड्यांत विकायला तयार होते. समुद्राच्या खाडीपलीकडे इंग्लंडमधील सॉमरसेट भाग आहे. तेथील शेतकरी चेडर नावाचे चीज करत. चेडर महिनोन्महिने मुरवत ठेवावे लागते आणि तोवर पैसे अडकून पडतात. त्यांनी विचार केला, की आपणही केरफिली करू. पैसे लवकर हाती येतील. अशा प्रकारे वेल्समधील गावाचे नाव असलेले चीज इंग्लंडमध्ये बनू लागले. त्यात दुसरे महायुद्ध आले. अन्नाची टंचाई होती. सरकारला रेशनसाठी टिकाऊ, कडक चीज हवे होते, म्हणून लवकर मऊ होणाऱ्या केरफिलीचे उत्पादन बंद पडले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा सुरू झाले, पण बरेचसे इंग्लंडमध्ये. वेल्समधील जुन्या शेतघरांत ते करणारे फारसे उरले नव्हते.

केरफिलीच्या लोकांना काय वाटले असेल? दुकानात त्यांच्याच गावाचे नाव लिहिलेले चीज मिळत होते आणि ते दुसऱ्यांनी बनवलेले होते. पुढे वेल्समधील काही जणांनी ते पुन्हा करायला घेतले आणि २०१८ साली 'पारंपरिक वेल्श केरफिली' या नावाला युरोपीय संघाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. हे पूर्ण नाव लावायचे तर चीज वेल्समध्येच, वेल्सच्या दुधापासून झाले पाहिजे.

ही विलायती गोष्ट तुम्हाला एवढ्यासाठी सांगितली, की नागपुरी संत्र्यापुढेही तोच प्रश्न आहे.

मी एकदा मुंबईत एका स्टेशनबाहेर फळांच्या गाडीसमोर उभा होतो. गाडीवर पाटी होती, 'नागपुरी संत्रा'. मी एक फळ हातात घेतले. साल घट्ट, चकचकीत. नखाने सोलू गेलो तर सोलेना. आत बियाच बिया. मी म्हणालो, "भाऊ, हे नागपूरचे नाही." तो हसून म्हणाला, "साहेब, नागपुरी म्हटल्याशिवाय लोक थांबतच नाहीत." ते फळ किन्नू होते. किन्नू वाईट नाही. त्यात रस भरपूर असतो आणि ते प्रवासात टिकतेही चांगले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 'किंग' आणि 'विलो लीफ' या दोन जातींच्या संकरातून ते तयार झाले. दोन्ही नावांचे तुकडे जोडून 'किन्नो' हे नाव बनले. आपल्याकडे ते पंजाबात मोठ्या प्रमाणावर होते. पण किन्नूने किन्नू म्हणूनच विकले जावे. दुसऱ्याची पाटी लावून विकले, तर फसतो ग्राहक आणि नुकसान होते नरखेडच्या शेतकऱ्याचे.

मग खरे नागपुरी संत्रे कसे ओळखावे? त्याची साल पातळ आणि सैल असते. देठाकडे अंगठा घालून जरा ओढली की ती अलगद निघते. आतल्या फोडी साधारण दहा-अकरा असतात आणि एकमेकींपासून सहज सुटतात. चव निव्वळ गोड नसते. गोडीबरोबर हवाहवासा आंबटपणा असतो. सोललेल्या सालीचा वास हाताला बराच वेळ राहतो. लहानपणी आम्ही वर्गात चोरून संत्रे खात असू आणि गुरुजी वासावरूनच आम्हाला पकडत.

ही चव कोठून येते? थोडी जमिनीतून. या भागात काळी माती आहे आणि पुष्कळ ठिकाणी तिच्याखाली मुरूम आहे. काळी माती ओल धरून ठेवते आणि मुरूम जास्तीचे पाणी खाली जाऊ देतो. संत्र्याच्या मुळांना ओल हवी, पण साचलेले पाणी मुळीच चालत नाही. थोडी चव हवेतून येते. हिवाळ्यात विदर्भात दिवसा ऊन आणि रात्री चांगलीच थंडी असते. त्या थंडीत फळाचा रंग खुलतो आणि आंबट-गोडाचा मेळ जमतो. बाकीची चव येते शेतकऱ्याच्या मेहनतीतून, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे.

संत्र्याचे झाड सहसा बी पेरून लावत नाहीत. आधी जंबेरी नावाच्या रानटी लिंबाचे रोप वाढवतात. त्याच्या खोडाला छोटी चीर देऊन तिच्यात चांगल्या संत्र्याच्या झाडाचा 'डोळा', म्हणजे कोवळा अंकुर, बसवतात. याला 'डोळा भरणे' म्हणतात. खाली मुळे जंबेरीची आणि वर फांद्या संत्र्याच्या! वरूड तालुक्यातील शेंदूरजना घाट हे गाव अशा कलमांसाठी प्रसिद्ध आहे. कलम शेतात लावल्यावर लगेच फळ मिळत नाही. पाच-सहा वर्षे नुसते खर्च करत वाट पाहावी लागते.

झाड मोठे झाले की 'बहार' धरायचा असतो. बहार हा शब्द तुम्हाला शिकवायला नको. उर्दूत बहार म्हणजे वसंत ऋतू. मराठी शेतकऱ्याने तो शब्द घेतला आणि त्याचा अर्थ केला, झाडाला फुले येण्याचा हंगाम. संत्र्याला मुख्यतः दोन बहार येतात. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, जी फुले येतात तो 'आंबिया बहार'. त्याची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मिळतात. जून महिन्यात मृग नक्षत्राचा पाऊस पडल्यावर जी फुले येतात तो 'मृग बहार'. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तयार होतात. 'मृग' संस्कृतातला, 'बहार' फारसीतला. दोघे एका झाडावर सुखाने नांदतात.

बहार आणण्याची रीत ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. फुले यावीत म्हणून शेतकरी झाडाचे पाणी तोडतो! याला 'ताण देणे' म्हणतात. महिनाभर किंवा थोडे अधिक पाणी बंद ठेवले की झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, काही गळतात. बाग पाहणाऱ्याला वाटते, झाडे मेली. मग शेतकरी पुन्हा पाणी देतो आणि थोड्याच दिवसांत पांढऱ्या, सुवासिक फुलांनी झाड भरून जाते. ताण कमी पडला तर फुले थोडी येतात. जास्त झाला तर झाड खचते. किती दिवस थांबायचे, हे जमीन पाहून ठरवावे लागते. हे पुस्तकात वाचून येत नाही. बापाबरोबर बागेत फिरून येते.

एवढे करूनही पीक हाती येईल याची खात्री नसते. काळी माशी पडली की पाने-फळांवर काळा थर चढतो. शेतकरी त्याला 'कोळशी' म्हणतात. खोडातून डिंक गळू लागला तर तो 'डिंक्या' रोग. कधी कच्ची फळेच जमिनीवर पडतात, त्याला फळगळ म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर दहा मिनिटांत वर्षाची कमाई मातीत जाते. विहिरींचे पाणीही आता सोपे राहिले नाही. वरूड-मोर्शीकडे इतक्या बागा आणि इतक्या विंधनविहिरी झाल्या, की जमिनीखालचे पाणी फार खोल गेले आहे. एखाद्या उन्हाळ्यात शेतकऱ्याला टँकरने बाग जगवावी लागते. या अडचणींवर उपाय शोधण्यासाठी नागपुरात १९८५ साली लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. ती आजही काम करते.

हे झाड येथे आले कसे? अठराव्या शतकात नागपूरच्या भोसले राजांनी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, संत्र्याची रोपे आणून आपल्या बागेत लावली, असे सांगतात. म्हणजे नागपुरी संत्रेही एके काळी नागपुरात पाहुणेच होते. पाहुणा येथे असा रमला, की आता त्याची ओळखच नागपूर झाली आहे.

आता नावाच्या प्रश्नाकडे परत येऊ. भारतात १९९९ साली एक कायदा झाला आणि २००३ पासून तो अमलात आला. एखाद्या वस्तूचे गुण तिच्या प्रदेशामुळे आले असतील, तर त्या प्रदेशाचे नाव वापरण्याचा हक्क तेथील उत्पादकांनाच असावा, असा हा कायदा आहे. याला 'भौगोलिक मानांकन' म्हणतात. पहिले मानांकन दार्जिलिंगच्या चहाला मिळाले. नागपुरी संत्र्याची नोंद २०१४ साली झाली.

हा हक्क एका माणसाचा नसतो, साऱ्या प्रदेशाचा असतो. येथे नागपूर म्हणजे केवळ शहर नव्हे. जेथे हे फळ खरोखर पिकते तो आसपासचा मुलूख त्यात आला. नरखेडचा शेतकरी 'नागपुरी' हे नाव हक्काने वापरू शकतो. पण त्यासाठी त्याला स्वतः अर्ज करून 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घ्यावी लागते. कागद, सातबारा, फी, खेपा. हे सारे आले. नाव बागेतल्या माणसाचे झाले, तरी ते कागदावर आणणे त्याला बागेतल्या कामाइतकेच अवघड वाटते.

शिवाय पुष्कळ शेतकरी संत्री स्वतः बाजारात नेतच नाहीत. झाडावर फळे असतानाच व्यापारी येतो, बाग फिरून पाहतो, मनात हिशेब करतो आणि सबंध बागेचा सौदा ठरवतो. तोडणी, भरणी, गाडी सारे त्याचे. शेतकऱ्याला एकरकमी पैसे मिळतात आणि पुढच्या भावाची चिंता राहत नाही. पण पुढे भाव वाढला तर तो फायदाही त्याचा राहत नाही. भाव तर दूरच्या गोष्टींवरही हलतात. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. २०१९ पासून त्या देशाने संत्र्यावरचा आयात कर अनेकदा वाढवला. ढाक्यात कर वाढला आणि वरूडच्या बागेत भाव पडला. संत्रे काही गव्हासारखे कोठीत भरून ठेवता येत नाही. तोडल्यावर आठ-दहा दिवसांत ते खाल्ले गेले पाहिजे, नाहीतर सुकते किंवा सडते.

हंगामात पहाटे कळमन्याच्या बाजारात गेलात तर गाड्यांच्या रांगा दिसतील. हमाल, अडत्या, दलाल, लिलावाचा पुकारा, सारा गलबला चालू असतो. त्या गर्दीत फेटा बांधलेले शेतकरी असतात, तसे पिढ्यान्‌पिढ्या फळांचा धंदा करणारे बागवानही असतात. फळ हातात घेऊन, जरा दाबून, वास घेऊन ते कोणत्या भागातले असेल याचा अंदाज जाणकार माणूस बांधतो. त्याच्या लेखी सगळी संत्री नुसती 'नागपुरी' नसतात. काटोलची वेगळी, वरूडची वेगळी, काळ्या जमिनीची वेगळी, हलक्या जमिनीची वेगळी.

थंडीत तुमच्या मोहल्ल्यात संत्र्यांची गाडी येईल. भाव विचाराल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारून पाहा : "भाऊ, कोणत्या गावचा माल?" गाडीवाला स्वतः कळमन्याहून माल आणत असेल, तर बहुधा त्याला गावाचे नाव ठाऊक असते, फक्त ते त्याला कोणी विचारत नाही.